दाखवायची रास

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

नवी नोकरी, म्हणून नवी वही. रोह्याहून सकाळची गाडी धरली. निडी, नागोठणे करत कासूला उतरलो. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी नळी. स्टेशनबाहेर मिठागराच्या मुकादमाचा मुलगा मिथुन टेम्पो घेऊन उभा होता. तिशीचा, हसतमुख. नळीकडे बघून विचारू लागला की सायेब, बंदूक कुनासाठी आनलीत. मी त्याला वाटेत सगळं समजावून सांगितलं. ही नळी मी रोह्याच्या लेथवाल्याकडून स्वतःच्या मापानं करून घेतली आहे. स्टेनलेस स्टील, लांबी तीन फूट, व्यास पंचवीस मिलिमीटर, टोक तिरकं. पोत्यात किंवा राशीत खुपसायची, फिरवायची, ओढून काढायची. पोटातला माल हातात येतो. वरवरचा माल सगळेच चांगला ठेवतात. खरं काय ते पोटात.

रोह्याच्या केमिकल कारखान्यात सत्तावीस वर्षं मी प्रयोगशाळेत मदतनीस होतो. डिग्री नाही, म्हणून हुद्दा नाही. संख्याशास्त्र रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवर शिकलो. डिग्रीवाले अडले की माझ्याकडे यायचे, तेसुद्धा दार लावून. आज चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ओळखपत्रावर छापून आलं आहे: हैबतराव, गुणवत्ता निरीक्षक. लपवत नाही, ते पत्र मी गाडीत तीनदा काढून पाहिलं.

जागा उत्तम. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे, मध्ये रुंद बांध. बांधावर पत्र्याच्या अकरा खोल्या एका ओळीत, त्यांत कामगार राहतात. बारावी खोली माझी. तिचं दारही पत्र्याचंच, पण नवं, हिरव्या रंगाचं. उत्तरेला डोलवीच्या कारखान्याचा धूर दिसतो. मुकादम कान्हूबाबा सत्तरीचे, ताठ, कमी बोलणारे. त्यांच्या मंडळी चंद्रावतीबाई माझा डबा करणार आहेत. आज तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण. बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवलो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिला नमुना, आणि पहिली शंका.

बांधावर मिठाच्या चाळीस राशी आहेत. कुठल्या राशीतून काढू म्हणून विचारलं, तर कान्हूबाबा मला थेट टोकाच्या एका छोट्या राशीकडे घेऊन गेले. ती उघाडीला लागून आहे. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, भरतीचं पाणी आत घ्यायचा. ही रास चाळीसात धरलेली नाही. कोण बघायला आलं की हीच दावतो, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. हिचं नावच दाखवायची रास.

सत्तावीस वर्षांत मी असली लबाडी शंभरदा पकडली आहे. दाखवायला एक, विकायला एक. राशीला खाडीच्या बाजूनं कोपरभर खोल एक भोक होतं, गोल, कडा स्वच्छ. आधीच्या निरीक्षकाच्या नळीचं असावं. म्हणजे त्यालाही इथंच गुंडाळला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चाळीसही राशींवर लाल रंगानं क्रमांकाच्या पाट्या लावल्या. कुठली रास तपासायची ते मी ठरवणार नाही, कान्हूबाबा नाहीत, कुणीच नाही. ते माझा तक्ता ठरवणार.

हा तक्ता मी स्वतः केला आहे. शून्य ते नऊ लिहिलेले दहा लाकडी मणी, एक मडकं, रोज संध्याकाळी शंभर वेळा हात घालून निघेल तो आकडा उतरवायचा; असं एक वर्ष. त्यात कुणाची मर्जी नाही, कुणाचा वशिला नाही. प्रत्येकाला सारखी संधी. नमुन्याचा पहिला धर्म हाच.

बायकांना गंमत वाटली. एकीनं दुसरीला म्हटलं की गो, सायेबाला सांग, आमच्या नवऱ्यांनापन नंबर घाल, हरवतात. मी हसलो. पण कल्पना वाईट नाही.

आणखी एक. नमुना पाच जागांहून घ्यायचा असतो: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, शेवटी मधोमध. हे मी मिथुनला शिकवलं. चटकन उचललं त्यानं. कान्हूबाबा लांबून बघत होते, आणि त्यांची नजर खाडीकडे होती. कुणी ऐकतंय का, असं पाहावं तशी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लबाडी सापडली असं सकाळी वाटलं होतं. आता नेमकं काय सापडलं तेच कळत नाही.

दाखवायच्या राशीत नळी घातली. मिठाबरोबर केस आले. काळे, पांढरे, मेंदीचे. नखांचे तुकडे. लुगड्याचे धागे. पाचही जागी तेच. खायच्या मिठात.

दुपारी डबा घेऊन चंद्रावतीबाई आल्या, तेव्हा त्यांना फैलावर घेतलं. त्या घाबरल्या नाहीत. त्यांच्या सांगण्यानुसार ही सगळी जमीन खाडीची. बांध घालून माणसानं घेतलेली. दर उधाणाला, म्हणजे पुनवेच्या-अवसेच्या मोठ्या भरतीला, भर दुपारी खाडी येऊन बघून जाते की आपल्या जागेवर कोण राहतं. म्हणून बांधावर जेवणाऱ्या-झोपणाऱ्या प्रत्येकानं आपलं नख नि केस त्या राशीत घालायचा. सगळ्यांचं थोडं थोडं एका जागी मिळालं की अख्खं कुणी तिला लागत नाही. एवढं सांगून त्यांनी पदराची गाठ सोडली, छोटी कात्री काढली आणि माझ्या हाताकडे बोट केलं. तुमचं तेवढं राहिलंय म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. डबाही अर्धा परत केला.

सोमवार, १० फेब्रुवारी

पेणच्या ऑफिसात जाऊन माझ्या वरिष्ठांना, आदेश साहेबांना, अहवाल दिला. आदेश साहेब माझ्या निम्म्या वयाचे, डिग्रीवाले. माझा तक्ता त्यांनी दोनदा उलटून पाहिला आणि खुर्ची दिली. केसांचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. रास ताबडतोब नाहीशी करा म्हणाले.

संध्याकाळी हुकूम सांगितला. एकही माणूस फावड्याला हात लावीना. कान्हूबाबांनी बरंच समजावलं. नवी रास बांधून होईपर्यंत तरी थांबा, आणि त्या नव्या राशीत तुमचंही घाला, असं त्यांचं म्हणणं. हट्टी माणूस. मग मीच फावडं घेतलं. दोन तास लागले. शेवटचं मीठ खाडीत लोटलं तेव्हा सगळे आपापल्या दारात उभे होते.

हात सोलवटले आहेत. पण काम चोख झालं.

बुधवार, १२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

मिठात केस येतात म्हणजे मूळ स्वच्छतेत आहे. म्हणून कामगारांच्या अकराही दारांवर मोठे लाल आकडे घातले, एक ते अकरा. तपासणीच्या प्रत्येक खेपेला तक्त्यातून एक दार निघेल, त्या घराची तपासणी. आज पुढच्या तीन खेपांची सोडत काढून ठेवली: चार, नऊ, सहा. सहा नंबर कान्हूबाबांचा आला, त्याला माझा इलाज नाही.

मिथुननं विचारलं, बाराव्या दारावर नंबर का नाय. मी सांगितलं की तपासणाऱ्याला क्रमांक नसतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चार नंबर जितेशचा. त्याच्या घरची माणसं कासूला हळदीला गेली होती. घरात फक्त शेळी बांधलेली. दुपारी भरतीच्या वेळी बांधावर कुणी नव्हतं, सगळे दारं लावून आत. दोन वाजता पाणी उतरल्यावर जितेश आला आणि ओरडला.

शेळीला भोक होतं. खांद्यापासून मागच्या पायापर्यंत आरपार. वाकलो तर पलीकडचा पत्रा दिसला. रक्ताचा थेंब नाही. आतली कड पांढरी, मिठानं वाळवल्यासारखी. जमीन ओली. दाराच्या पत्र्यालाही तसंच भोक, आकड्याच्या बरोबर खाली.

मी माप घ्यायचा व्हर्नियर लावला. पंचवीस मिलिमीटर.

हे कुणाचं काम ते सरळ दिसतं आहे. माझी नळी, माझं माप, माझी सोडत. मला हाकलायचं आहे. सोडत मिथुनला माहीत होती. नळी कशी फिरवायची तेही त्याला मीच शिकवलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नळी ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, कुलपावर दोरा आणि लाखेचं सील. सीलवर माझा अंगठा.

मिथुनला आडून आडून विचारलं. त्याला राग नाही आला, उलट माझी कीव केल्यासारखं बघत राहिला. ते मला जास्त खुपलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

नऊ नंबरचा जनू आज बिऱ्हाड घेऊन गेला. एकटाच जीव आहे. निडीला बहिणीकडे राहणार. दाराचा पत्रा त्याचा स्वतःचा, म्हणून तो बिजागऱ्यांसकट काढून टेम्पोत टाकला. माझ्या लाल नऊसकट. मी अडवलं नाही. चोराच्या मनात चांदणं, असंच वाटलं मला तेव्हा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

भांगाची, म्हणजे लहान भरती, पाणी बांधापासून खूप खाली. आठ दिवसांत काही नाही. होणारही नाही, सील लागल्यावर चोऱ्या थांबतात. सात राशी तपासल्या, सगळ्या पास. मीठ खरोखरच चांगलं आहे, एक नंबर. मग दाखवायला वेगळी रास कशाला लागत होती?

हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल अवस झाली. आज दुपारी साडेबाराला उधाण. मी मुद्दाम बांधावर खुर्ची टाकून बसलो, अकराही घरांवर नजर ठेवून. मिथुन माझ्या डोळ्यांसमोर होता. कान्हूबाबाही. कुणी हललं नाही. नऊ नंबरच्या उघड्या चौकटीपुढं पाणी आलं, थोडा वेळ थांबलं आणि परत गेलं. पाणी थांबतं का कधी? मला तसं वाटलं, एवढंच लिहितो.

तीन वाजता निडीहून फोन. जनू गेला.

शनिवार, १ मार्च

निडीला जाऊन आलो. जनूच्या बहिणीनं मागच्या अंगणात त्याला आडोसा करून दिला होता, त्याला तोच पत्र्याचा दरवाजा. जनू काल दुपारी दार लावून आत झोपला होता. उजव्या बरगडीखालून आरपार. पोलिसांनी सळई लागली असं धरून पंचनामा केला. सळई कुणाला सापडली नाही.

मी दार पाहिलं. नऊच्या आकड्याखाली भोक. खिशातून व्हर्नियर काढला, पण लावला नाही. गरज नव्हती.

खाडी तिथून कितीतरी दूर. आडोशातली जमीन मात्र ओली होती. बोट लावून जिभेला लावलं. खारट.

परत आल्याबरोबर ट्रंक पाहिली. सील शाबूत, अंगठा माझाच. कुणीही नळी घेतलेली नाही.

चार. नऊ.

सोमवार, ३ मार्च

आकडे पुसून टाकतो म्हणून रॉकेल नि चिंधी घेऊन उरलेली दहाही दारं घासली. दुपारपर्यंत पत्रे कोरे. संध्याकाळी पत्र्यांवर खार फुटला. पांढरा, दाणेदार. एक, दोन, तीन, चार — माझ्याच अक्षरात. माझ्या सातला शेपूट असते, तीसुद्धा.

बायका आता माझी थट्टा करत नाहीत. मी आलो की पाण्याची भांडी झाकतात.

गुरुवार, ६ मार्च

कान्हूबाबा स्वतः आले. उंबऱ्याबाहेर बसले. मी मिथुनवर संशय घेतला होता त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. सांगितलं ते असं: त्यांच्या आजाच्या वेळी असंच एकदा झालं होतं. रास मोडली, तेव्हा खाडीनं माणसं एकेक करून बघायला घेतली. आता तिला वाट दाखवायला आकडे आहेत. ते तेव्हा नव्हते. पुढचं उधाण होळीनंतरच्या दिवशी. नंबर सहा. त्या दाराआड ते स्वतः बसणार, घरातल्या बाकीच्यांना कासूला धाडणार.

मी म्हटलं, दार रिकामं ठेवा. खाडीत फेकून द्या.

त्यांनी मान हलवली. रिकामं दार दिसलं तर ती एकपासून सुरुवात करते आणि अकरापर्यंत जाते, म्हणाले. आजाच्या वेळी तेच झालं.

हा नियम मला कुणी सांगायला नको होता. नमुना मिळाला नाही तर अख्खा माल तपासायचा. मीच शिकवत आलो आहे.

उपाय एकच, नवी रास. ती त्यांनी बांधली आहे, उघाडीजवळ, जुन्याच जागी. अकरा घरांनी नखं-केस घातले. जनूच्या उशीवरचे केस बहिणीनं पाठवले. पण रास लागू होत नाही, कारण बांधावर बारा दारं आहेत. माझं नाही त्यात.

मी विचार करतो म्हणून सांगितलं. विचार कसला करायचा होता?

रविवार, ९ मार्च

झोप नाही. पुन्हा पुन्हा तेच मनात येतं. वेगवेगळ्या पोत्यांतला चिमूटभर माल एकत्र करून एकच तपासायचा, म्हणजे प्रत्येक पोतं फोडावं लागत नाही. एकत्रित नमुना. कारखान्यात मी हे पन्नास जणांना फळ्यावर काढून दाखवलं असेल. ही अडाणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत होती आणि मी त्याला लबाडी म्हटलं.

की हे सगळं मला तसं वाटावं म्हणून रचलं आहे? मिथुन, जनूची बहीण, पोलीस — इतक्या जणांनी मिळून? मोजून पाहिलं. नाही जमत.

तरी कात्री हातात घेतली की हात थांबतो. नख दिलं म्हणजे लिहून दिल्यासारखं होईल की जनूला —

मंगळवार, ११ मार्च

ओहोटीला बांधाच्या चिखलात खुणा. पावलं नाहीत. भोकं. पाच-पाचच्या झुबक्यांत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, मधोमध.

हे मी तिला शिकवलं.

बुधवार, १२ मार्च

रोह्याला घरी आलो. आदेश साहेबांनी माझा आवाज ऐकून फोनवर लगेच रजा दिली.

गुरुवार, १३ मार्च, होळी

ठरलं. सकाळी नेहमीच्या न्हाव्याकडे केस कापले आणि कापलेले सगळे मागून घेतले. तो हसला. वीसही नखं काढली. पाकिटात घालून वर लेबल चिकटवलं. लेबलाशिवाय मी काही देत नाही. उद्या पहिल्या गाडीनं कासू, नऊपर्यंत बांधावर, रास पुरी करायची, कान्हूबाबांच्या पाया पडायचं. उधाण पावणेएकचं आहे. वेळ भरपूर आहे.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी ११.३५. आत्ता पोहोचलो. गाडी नागोठण्याला दोन तास उभी होती. स्टेशनवर टेम्पो नाही, धुळवड, चालत आलो.

उघाडीकडची वाट पाण्याखाली गेली आहे. रास पलीकडे दिसते, तिच्याभोवती पाणी. छातीएवढं असेल. ओढ आहे. जाता येणार नाही. दोनदा उतरून पाहिलं.

११.५०. माझ्या खोलीचं दार हिरवं होतं.

हे हिरवं नाही. जुनं, गंजलेलं, खालच्या कोपऱ्यात पोचा आलेला. आणि त्यावर खारानं फुटलेला सहा.

माझं हिरवं दार कान्हूबाबांच्या खोलीला लावलं आहे. दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू नवे, चकचकीत. घाईत लावलेत, माझ्याकडच्या दाराचा एक तिरका गेला आहे. मिथुन नेहमी तिरका लावतो.

नमुन्याची अदलाबदल. सत्तावीस वर्षं हेच शोधत आलो, आणि शेवटी —

११.५८. पेचकस आहे माझ्याकडे. चार स्क्रू. दहा मिनिटांत हे सहाचं दार उतरवून त्याच्या जागी नेऊन ठेवता येईल. मी पळून गेलो तर दार रिकामं. मग एकपासून अकरापर्यंत. म्हणजे पळायचं नाही. फक्त जिथलं तिथं ठेवायचं. मी कुणाचं काही घेत नाही, फक्त बरोबर करतो.

१२.०६. तीन स्क्रू काढले.

कान्हूबाबा त्यांच्या खोलीत झोपलेत, हिरव्या दाराआड; घोरणं ऐकू येतं. चंद्रावतीबाईंनी होळीच्या रात्री त्यांना काहीतरी पाजलं असणार. त्या पायरीवर बसून आहेत, कासूला गेल्याच नाहीत. माझ्याकडे बघताहेत. हात जोडलेले नाहीत. रडतही नाहीत. मांडीवर माझा डबा. रोजच्या वेळेला आणला आहे त्यांनी.

१२.१५. तीनही स्क्रू परत लावले. तिरका होता तो सरळ केला.

१२.२४. डबा घेतला. तांदळाची भाकरी. मी दार लावून आत बसलो आहे. कडी घातली. पाणी बांधाच्या कडेला.

१२.३१. कान्हूबाबा जागे झाले. दारावर थापा मारताहेत.

"दार दे माजं, हैबत. माजा नंबर हाय तो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा नावानं हाक. मी कडी आतून धरून ठेवली आहे. उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर उघडलं असतं.

१२.३६. मिथुन त्यांना ओढून नेतो आहे. लांबून आवाज येतो, दार दे, दार दे. आता तोही नाही. सगळ्यांची दारं लागली.

१२.४२. पाणी उंबऱ्याला.

१२.४४. थापा परत सुरू.

कान्हूबाबा नाहीत. ते तळहातानं मारत होते. हे एकाच बोटानं, जोखून. दारावर वर. थांबलं. खाली. पाणी आत येतंय, थंड, पाय ओले झाले — लिहीत राहतो. हात चालतोय तोवर.

डावीकडे.

१२.४९. उजवीकडे. पत्रा आतल्या बाजूला फुगला, पंचवीस —

मधोमध राहिलं. मधोमध मी बसलो आहे.

पाकीट मांडीवर आहे. लेबल पुरं करतो. अर्धवट लेबलाचा नमुना मी कधी स्वीकारला नाही.

माल — बांधावरची दारं, एकूण बारा. माझ्या यादीत अकरा होती. ती चूक होती. बारा.

नमुना क्रमांक — सहा.

तारीख — १४ मार्च २०२५. वेळ — बारा एक्कावन्न.

नमुना काढणारा —